ज्यांना बसवत नाही, त्यांचं ध्यान

प्रौढ वयात एडीएचडीचं (अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डरचं) निदान झालं की सल्ल्यांना तोटा राहत नाही. डॉक्टर औषधाबद्दल बोलतात, मित्र डायरी ठेवायला सांगतात आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘रोज सकाळी अर्धा तास ध्यानाला बस, सगळं ताळ्यावर येईल.’’ सल्ला मनापासून दिलेला असतो. पण मीटिंगमध्ये ज्याचा पाय टेबलाखाली सतत हलत असतो, सिनेमाही ज्याला सलग बघवत नाही, तो डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देऊ लागला की तिसऱ्या मिनिटाला उठतो. आठवडाभर असंच झालं की ‘मला ध्यानसुद्धा जमत नाही’ अशी त्याची खात्री होते. शाळेपासून ऐकलेल्या नालस्तीत आणखी भर पडते.

माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे घडतंय त्याकडे मुद्दाम आणि निवाडा न करता लक्ष देण्याचा सराव, प्रौढ एडीएचडीत खरोखर उपयोगी पडतो का? पडत असेल तर किती आणि कुठल्या स्वरूपात? या प्रश्नांवर गेल्या सुमारे वीस वर्षांत बरंच काम झालं आहे. त्यातून जे हाती लागतं ते आधीच सांगून टाकतो. हा सराव उपयोगी आहे, पण तो औषधाची जागा घेत नाही. आणि तो जमत नाही तेव्हा बहुतेक वेळा चूक माणसाची नसते, त्याला दिलेल्या पद्धतीची असते.

आळस नव्हे, अवस्था

एडीएचडी ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. ती लहानपणीच सुरू होते. अनेकांच्या बाबतीत वयाबरोबर बाहेरची धावपळ कमी होते, पण आतली अस्वस्थता, विसरभोळेपणा आणि कामं रेंगाळत ठेवण्याची खोड मागे उरते. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या निदान-निकषांनुसार १७ वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीत लक्ष न टिकणं किंवा अतिचंचलता-उतावीळपणा यांपैकी एका गटातली नऊपैकी किमान पाच लक्षणं असावी लागतात. त्यांतली काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, आणि त्यांचा त्रास घर, नोकरी, नातेसंबंध अशा एकाहून अधिक ठिकाणी होत असावा लागतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार लहानपणापासून चालत आलेला एडीएचडी सुमारे अडीच टक्के प्रौढांमध्ये आढळतो.

आपल्याकडे यातली बहुतांश माणसं निदानाविनाच मोठी होतात. ‘हुशार आहे, पण अभ्यासाला बसत नाही’, ‘धांदरट आहे’, ‘कुठलंच काम तडीस नेत नाही’ ही वाक्यं ऐकतच ती वाढलेली असतात. मुलींचं निदान तर आणखी हुकतं, कारण वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीची तक्रार कुणी करत नाही. पुढे तिच्या मुलाचं निदान होतं, डॉक्टर लक्षणं वाचून दाखवतात आणि तिला त्यात स्वतःचं बालपण दिसतं, असंही घडतं. मल्याळम अभिनेता फहाद फासिल यानं २०२४ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी झालेल्या निदानाबद्दल जाहीरपणे सांगितलं, तेव्हा हा विषय आपल्याकडच्या अनेक घरांत पहिल्यांदा बोलला गेला.

एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही. ते हवं तेव्हा हव्या ठिकाणी लावता येत नाही आणि लागलं की काढता येत नाही. आवडीच्या कामात रात्रीचे दोन वाजले तरी कळत नाही, आणि विजेचं बिल भरायला उघडलेला मोबाइल अर्ध्या तासानं खाली ठेवला जातो तेव्हा बिल सोडून बाकी सगळं झालेलं असतं. याच्या जोडीला भावनांचा झटकन उसळणारा वेग असतो. एखाद्या शब्दानं पारा चढतो, एखाद्या टीकेनं दिवस वाया जातो. निदानाच्या अधिकृत यादीत याला स्वतंत्र लक्षणाचं स्थान नाही, पण अनेक प्रौढांना सर्वांत जास्त पोळतं ते हेच.

सराव नेमका कशाचा?

मन भरकटतं ते सगळ्यांचंच. हार्वर्ड विद्यापीठाच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली सुमारे सव्वादोन हजार लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं, की या क्षणी तुम्ही काय करताय आणि मनात काय आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा उत्तर आलं, मन हातातल्या कामात नाही. एडीएचडीत फरक पडतो तो दोन ठिकाणी. मन वारंवार निसटतं आणि ते निसटल्याचं फार उशिरा लक्षात येतं.

मेंदूशास्त्रात यावर एक गृहीतक आहे. आपण काहीच करत नसतो तेव्हा, दिवास्वप्नांत, आठवणींत, स्वतःविषयीच्या विचारांत, मेंदूतलं एक विशिष्ट जाळं कार्यरत असतं. काम हाती घेतलं की त्यानं मंद व्हायला हवं. एडमंड सोनुगा-बार्क आणि झेवियर कास्तेयानोस यांनी २००७ मध्ये असं मांडलं, की एडीएचडीत हे जाळं पुरेसं मंद होत नाही आणि कामाच्या मध्येच डोकं वर काढतं. दुसरीकडे, येल विद्यापीठातल्या जडसन ब्रुअर यांच्या गटाला २०११ मध्ये अनुभवी ध्यानसाधकांत याच जाळ्याच्या मुख्य भागांची हालचाल कमी दिसली. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवले की आशा वाटते, मात्र त्यांना जोडणारा दुवा अजून पक्का सिद्ध झालेला नाही. वर्षानुवर्षं साधना केलेल्यांचा मेंदू पाहून आठ आठवड्यांच्या वर्गाचा निकाल सांगता येत नाही.

तरीही सरावाचं स्वरूप या अडचणीला चपखल लागू पडतं. माइंडफुलनेसमध्ये एकाग्र राहण्याची परीक्षा नसते. लक्ष एका ठिकाणी ठेवायचं, ते गेलं की गेल्याचं ओळखायचं आणि न चिडता परत आणायचं, एवढंच करायचं असतं. मन दहा मिनिटांत चाळीस वेळा निसटलं आणि चाळीस वेळा परत आणलं, तर तो चाळीस वेळा झालेला सराव असतो. ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी नीट समजावली गेली, तर निम्मे लोक ध्यान सोडणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

पुरावा काय सांगतो?

माइंडफुलनेस वैद्यकीय क्षेत्रात आणलं ते जॉन कॅबट-झिन यांनी. १९७९ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण आणि दीर्घकालीन वेदनांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला, जो पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झाला. त्यात घरी रोज सुमारे ४५ मिनिटांचा सराव अपेक्षित असे. एडीएचडी असलेल्या माणसाला एवढा वेळ झेपणार नाही, हे ओळखून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मनोविकारतज्ज्ञ लिडिया झिलोव्स्का आणि सहकाऱ्यांनी हा कार्यक्रम नव्यानं बांधला. बैठक पाच मिनिटांपासून सुरू होऊन हळूहळू पंधरापर्यंत जाई. चालत करायच्या ध्यानाला बरोबरीचं स्थान होतं, एडीएचडीची माहिती वर्गातच दिली जाई आणि स्वतःकडे ममतेनं पाहण्याचा सरावही असे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या प्रयोगात प्रौढ आणि किशोरवयीन मिळून ३२ जण होते. त्यांपैकी २५ जणांनी तो पूर्ण केला. लक्षणं कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. हे लोक असा वर्ग पूर्ण करू शकतात, एवढंच त्यातून खात्रीनं कळलं. तेही महत्त्वाचं होतं.

पुढचा ठोस पुरावा नेदरलँड्समधून आला. २०१९ मध्ये ‘सायकॉलॉजिकल मेडिसिन’ या नियतकालिकात लोटे यान्सेन आणि सहकाऱ्यांनी १२० प्रौढांवरचा अभ्यास मांडला. निम्म्यांना चालू उपचारांबरोबर माइंडफुलनेसवर आधारित आठ आठवड्यांची गटचिकित्सा दिली आणि उरलेल्यांना फक्त चालू उपचार. कोण कुठल्या गटात आहे हे लक्षणं मोजणाऱ्या तज्ज्ञांना सांगितलं नव्हतं. लक्षणांत ३० टक्के किंवा अधिक घट झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २७ टक्के, तर दुसऱ्यात ४ टक्के निघालं. सहा महिन्यांनंतरही फायदा टिकून होता, आणि स्वतःविषयीची ममताही वाढली होती. हा निकाल उत्साह देणारा आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. पहिल्या गटातल्या दर चारांपैकी सुमारे तिघांमध्ये एवढी घट झाली नाही.

जर्मनीतल्या अभ्यासांनी आणखी सावध केलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषध न घेणाऱ्या ८१ प्रौढांपैकी काहींना माइंडफुलनेसचा वर्ग दिला, तर काहींना एडीएचडीची शास्त्रशुद्ध माहिती देणारा गटवर्ग. दोन्ही गट सुधारले. माइंडफुलनेस सरस ठरलं नाही. त्याआधी, २०१५ मध्ये, ४३३ प्रौढांवरच्या मोठ्या जर्मन अभ्यासात माइंडफुलनेसचा भाग असलेली गटचिकित्सा आणि डॉक्टरांबरोबरचं साधं वैयक्तिक समुपदेशन यांची तुलना झाली. तिथंही गटचिकित्सा वरचढ निघाली नाही. त्याच अभ्यासात मिथाइलफेनिडेट हे औषध मात्र प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, स्पष्टपणे प्रभावी ठरलं.

या सगळ्याची बेरीज २०२५ मध्ये ‘द लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मधल्या आढाव्यात आली. प्रौढ एडीएचडीवरच्या ११३ नियंत्रित चाचण्या आणि जवळजवळ १५ हजार रुग्ण त्यात होते. मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधं आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषध यांचा अल्पकाळातला परिणाम डॉक्टरांच्या नोंदींतही दिसला आणि रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यातही. माइंडफुलनेस, वर्तनचिकित्सा आणि माहितीवर्ग यांचा परिणाम डॉक्टरांच्या नोंदींत दिसला, पण रुग्णांच्या स्वतःच्या नोंदींत तसा स्पष्ट दिसला नाही. शिवाय दीर्घकाळाचा पुरावा सगळ्याच उपचारांबाबत तोकडा आहे.

माइंडफुलनेसच्या अभ्यासांत एक मूळ अडचणही आहे. औषधाऐवजी साखरेची गोळी देता येते, पण आपण ध्यान करतोय की नाही हे माणसापासून लपवता येत नाही. आपुलकीनं चालवलेला गट, दर आठवड्याला आपल्यासारखी माणसं भेटणं, पहिल्यांदाच कुणीतरी न रागावता ऐकून घेणं, यांचाही गुण येतोच. त्यातला ध्यानाचा वाटा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. म्हणून निकाल असा लावावा लागतो: परिणाम खरा दिसतो, पण मध्यम आहे. सगळ्यांना सारखा लाभत नाही आणि जोडउपचार म्हणूनच तो शोभतो.

बसण्याचा आग्रह कुठून आला?

महाराष्ट्रात ध्यान म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे इगतपुरीचं धम्मगिरी येतं. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठायचं, दिवसाचे सुमारे दहा तास बैठक करायची, बोलणं, वाचन, लेखन, फोन सगळं बंद. हजारो लोकांना त्याचा लाभ झालेला आहे, त्याविषयी आदर आहे. पण एडीएचडी असलेल्या माणसानं पहिलं पाऊल तिथंच टाकावं का? माझं उत्तर नाही असं आहे. काहींना ती शिस्त आणि बाहेरची शांतता मानवतेही. पण आधी काही महिने थोड्या वेळाचा सराव पचलेला असावा आणि आपल्या डॉक्टरांशी बोलणं झालेलं असावं. प्रवेशअर्जात मानसिक आरोग्य आणि चालू औषधांविषयी विचारतात. तिथं काहीही लपवू नये आणि शिबिरासाठी म्हणून औषध परस्पर बंद तर मुळीच करू नये.

चालत, उभं राहून, हातानं काम करत केलेलं ध्यान ही आधुनिक सवलत आहे, असं समजण्याचंही कारण नाही. या सगळ्या साधनेचा मूळ आधार मानल्या जाणाऱ्या सतिपट्ठान सुत्तात चालणं, उभं राहणं, बसणं आणि आडवं होणं या चारही स्थितींत भान ठेवायला सांगितलं आहे. खाताना, पिताना, वस्त्र नेसतानाही. व्हिएतनामी भिक्खू थिक न्यात हान्ह यांनी भांडी घासण्याला ध्यानाचा दर्जा दिला तो याच परंपरेतून. हलत्या शरीराला ध्यानात जागा आधीपासूनच होती.

प्रत्यक्षात कसं करायचं?

हॉलच्या दारापासून बाल्कनीपर्यंत दहा-बारा पावलांची जागा पुरते. चप्पल काढायची, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि पाच मिनिटांचा गजर लावायचा. गजर आवश्यकच आहे, कारण किती वेळ झाला याचा अंदाज एडीएचडीत फसतो आणि ‘झाली का पाच मिनिटं?’ हाच विचार मग ध्यान खाऊन टाकतो. नेहमीपेक्षा थोडं हळू चालायचं. टाच टेकली, तळव्यावर भार आला, बोटांनी फरशी ढकलली, पाऊल उचललं. फरशीचा गारवा जाणवेल, चौथ्या पावलाला ऑफिसचं राहिलेलं काम आठवेल. आठवलं की मनात एवढंच म्हणायचं, ‘विचार’. आणि पुढच्या टाचेवर परत यायचं. बाल्कनीशी पोचल्यावर क्षणभर थांबायचं, वळायचं, पुन्हा निघायचं. गजर वाजला की संपलं. आणखी करावंसं वाटलं तरी पहिले काही आठवडे तिथंच थांबलेलं बरं. उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं आणि चौथ्या दिवसापासून शून्य, हा या मंडळींच्या प्रत्येक नव्या संकल्पाचा ठरलेला मार्ग असतो.

ज्यांना बसायचंच आहे त्यांनी हाताला काहीतरी द्यावं. ज्या घरांत जपमाळ आहे तिथं साधन आयतं आहे. एका श्वासाला एक मणी, बोटांना स्पर्श, आणि मण्यांची फेरी संपली की बैठक संपली. नुसत्या श्वासापेक्षा असा स्पर्श किंवा आवाज अनेकांना सोपा जातो. डोळे उघडे ठेवले तरी चालतात, पाय हलला तरी चालतो.

सराव विसरणं हा आळस नसून याच अवस्थेचा भाग आहे, हे मान्य करून आठवणीची सोय बाहेर करून ठेवावी. सकाळचा चहा, बाइकची किल्ली, लिफ्टचं बटण अशा रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला तीन श्वास जोडून द्यावेत. कुणाबरोबर तरी, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर, एकाच वेळी केलेला सराव एकट्याच्या सरावापेक्षा जास्त टिकतो. तीन दिवस खंड पडला तर चौथ्या दिवशी सुरू करावं. भरपाई करायची नाही.

या सरावाचा खरा उपयोग चटईवर दिसत नाही, दुपारी चारला ऑफिसात दिसतो. समजा, साहेबांचा चार जणांना पाठवलेला मेल आला, ‘हे अजून का झालं नाही?’ कान गरम होतात, बोटं उत्तर टाइप करू लागतात. महिना-दोन महिने रोज पाच मिनिटं सराव केलेल्या माणसाला इथं एखाद्या दिवशी जबडा आवळल्याचं जाणवतं. पाय जमिनीवर टेकलेत हे जाणवतं. उत्तर ड्राफ्टमध्ये राहतं, पाणी पिऊन आल्यावर दोन ओळींचं होऊन जातं. राग आला नाही असं नाही. पण राग येणं आणि बटण दाबणं यांच्यामध्ये थोडी जागा तयार झाली. नोकऱ्या आणि संसार कितीदा तरी याच जागेअभावी मोडतात.

औषध, धोका आणि घरची माणसं

‘ध्यान करतोस ना, मग गोळ्या कशाला?’ हा प्रश्न आपल्याकडे सर्रास विचारला जातो. त्याला उपलब्ध पुराव्यात आधार नाही. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे नियंत्रित औषध आहे, ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच आणि रक्तदाब, हृदयाचे ठोके यांवर लक्ष ठेवून घ्यायचं असतं. ज्यांना ते मानवतं त्यांच्यासाठी ध्यानाची पाच मिनिटं शक्य होतात तीच पुष्कळदा औषधामुळे. काहींना औषध चालत नाही, काहींना नको असतं. तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यावा, समाजमाध्यमांवरचा व्हिडिओ पाहून नव्हे. निदानही तसंच. नैराश्य, चिंताविकार, अपुरी झोप, थायरॉइडचे आजार यांतही लक्ष उडतं, म्हणून आधी नीट तपासणी हवी.

ध्यान सगळ्यांना सुखकर असतं असंही नाही. डोळे मिटल्यावर काहींची घबराट वाढते, जुने आघात वर येतात. असं झालं तर ‘चिकाटी ठेव’ म्हणून रेटायचं नाही. डोळे उघडावेत, चालू लागावं, आणि त्रास वारंवार होत असेल तर थांबून तज्ज्ञांना भेटावं.

घरच्यांसाठी एवढंच. ‘आज ध्यान केलंस का?’ ही रोजची हजेरी झाली की सराव शिक्षा होऊन बसतो. त्यापेक्षा संध्याकाळी ‘चल, पाच मिनिटं गच्चीवर न बोलता चालू’ असं म्हणून सोबत करावी. लहानपणापासून टोमणे खात आलेल्या माणसाला स्वतःशी मऊ बोलायला शिकायचं असतं. ते आधी इतरांच्या तोंडून ऐकू आलं, तर सोपं जातं.

तुम्हाला स्वतःत किंवा जवळच्या कुणात हे सगळं ओळखीचं वाटत असेल, तर पहिलं काम मनोविकारतज्ज्ञाकडून निदान करून घेण्याचं. कुठं जावं हे सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो आणि तिथं मराठीतही बोलता येतं. दुसरं काम योग्य औषधोपचार आणि माहिती. तिसरं, रोजची पाच मिनिटं, चालत किंवा बसत, जशी जमतील तशी. हा क्रम उलटा करू नका, आणि तिसरं काम एखाद्या दिवशी हुकलं म्हणून स्वतःला नापास ठरवू नका. पुन्हा सुरू करणं हाच या सरावातला मुख्य धडा आहे.